‘घर्षण कमी, रंग दातासारखा’: एका वाक्याची उलटतपासणी

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने तिचा सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला पाठवला. विषय ऑर्थोडॉन्टिक्सचा, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्याच्या शास्त्राचा. प्रस्तावनेतलं तिसरंच वाक्य होतं, ‘लेपित आर्चवायर घर्षण कमी करतात व उपचारादरम्यानचे सौंदर्य राखतात.’ वाक्याच्या शेवटी चार संदर्भ. सोबत मेसेज: “ताई, फक्त व्याकरण बघ गं, बाकी झालंय.”

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते जवळजवळ असंच होतं, आणि त्याच्या भरवशावर मी चार महिने यंत्रापुढे बसून रीडिंग्ज घेतली. ती रीडिंग्ज आज एका फोल्डरमध्ये पडून आहेत. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते. आज एखाद्या पेपरचं परीक्षण करण्याऐवजी या एका वाक्याचंच करू. कारण अशी वाक्यं कुणी एक जण लिहीत नाही. ती एका प्रस्तावनेतून दुसरीत जातात आणि प्रत्येक मुक्कामावर एखादी अट गळून पडते.

ज्यांचा दातांशी संबंध फक्त दुखण्यापुरता आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. (मी स्वतः दंतवैद्य नाही, मटेरियल्सवाली आहे. ही ओळख मलाही करून घ्यावी लागली होती.) दातावर चिकटवलेला छोटा तुकडा म्हणजे ब्रॅकेट. त्याला आडवी खाच असते, तो स्लॉट. सगळ्या स्लॉटमधून एक तार जाते, ती आर्चवायर. ती बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या बारीक कडीने किंवा केसासारख्या स्टीलच्या तारेने बांधतात, ते लिगेचर. उपदाढ काढून झालेल्या जागेत सुळा मागे न्यायचा असेल, तर त्याचा ब्रॅकेट तारेवरून सरकत जातो, पडद्याची कडी दांडीवरून सरकते तसा. घर्षण जितकं जास्त तितकं लावलेलं बल वाटेतच खर्च होतं.

आता रंगाचं. १९८० च्या दशकात सिरॅमिकचे, दाताशी मिळतेजुळते ब्रॅकेट बाजारात आले. मोठ्या वयात उपचार घेणाऱ्यांची सोय झाली, पण त्या पांढऱ्या ब्रॅकेटमधून जाणारी तार मात्र चकचकीत स्टीलची किंवा करड्या निकेल-टायटॅनियमची. मग तारेवर लेप आले: पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन, किंवा इपॉक्सी रेझिन. ऱ्होडियमचा धातूचा मुलामाही देतात, पण तो दाताच्या रंगाचा नसतो, फक्त तारेची चमक मारतो. आज त्याला बाजूला ठेवू.

तर वाक्याचा पहिला अर्धा भाग: ‘घर्षण कमी करतात.’ हे खोटं नाही. २००२ मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या हुसमान, बुराउएल वगैरे मंडळींनी लेपित तारांवर सुळा मागे नेण्याच्या क्रियेची नक्कल करून मोजमापं घेतली आणि त्यात टेफ्लॉनची कामगिरी चांगली दिसली. त्यांनी तार नुसती सरळ ओढली नाही, दाताची हालचाल उभी केली, म्हणून हा अभ्यास मला आवडतो. त्यानंतरही टेफ्लॉनच्या बाजूने निष्कर्ष आले आहेत. म्हणजे वाक्याला आधार आहे. प्रश्न असा की तो आधार नेमका कशाला आहे?

इथे ‘घर्षण’ हा शब्दच फसवा आहे. रॉबर्ट कुसी आणि जॉन व्हिटली यांनी १९९७ मध्ये आणि नंतर १९९९ मध्ये याची नीट फोड केली. ब्रॅकेट सरकताना होणारा विरोध हा तीन गोष्टींची बेरीज असतो: शुद्ध घर्षण, तार स्लॉटच्या कडांमध्ये तिरपी अडकल्याने होणारा विरोध, आणि तारेला खाच पडून सरकणं थांबतं तेव्हाचा विरोध. तार आणि स्लॉट यांच्यातला कोन एका मर्यादेच्या आत असेल तर पहिलीच गोष्ट असते. मर्यादा ओलांडली की दुसरी सुरू होते आणि कोन वाढेल तशी तीच सगळा मामला ताब्यात घेते.

ही मर्यादा किती? कागदावर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ०.०२२ इंची स्लॉट, त्यात ०.०१९ × ०.०२५ ची तार (क्लिनिकमध्ये हिला ‘नाइन्टीन-ट्वेंटीफाइव्ह’ म्हणतात). उभ्या दिशेत मोकळीक राहते ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ०.०७६ मिलिमीटर. ब्रॅकेट साडेतीन मिलिमीटर रुंद धरला तर ही मोकळीक सुमारे सव्वा अंशात संपते. फक्त सव्वा अंश! बल लावतो दाताच्या वरच्या भागावर, दाताचं प्रतिरोध-केंद्र असतं खाली मुळात, त्यामुळे ओढलं की दात आधी कलतोच. सव्वा अंश कलायला त्याला फार वेळ लागत नाही. जॅक बरो यांनी २००९ च्या समीक्षा-लेखात हेच ठामपणे मांडलं: प्रत्यक्ष तोंडात ब्रॅकेट सरकण्याला जो विरोध होतो, त्यात शुद्ध घर्षणाचा वाटा लहान आणि अडकण्याचा मोठा.

मग लेपाचा संबंध कुठे येतो? लेप पृष्ठभागाचं काम करतो, म्हणजे तो पहिल्या, लहान वाट्यावर परिणाम करतो. अडकण्याचा वाटा मुख्यतः तार किती ताठ आहे यावर ठरतो. ताठ तार कलल्या ब्रॅकेटमध्ये कडांवर जोरात दाबते, लवचीक तार वाकून घेते.

माझे चार महिने गेले ते इथेच. लेपालाही जाडी असते. लेपित तार स्लॉटमध्ये बसायची तर एकतर बाहेरचं माप वाढू द्यायचं, नाहीतर आतली धातूची तार बारीक घ्यायची. काही उत्पादनांत आतली तार लेबलवरच्या मापापेक्षा बारीक असते, हे मोजमापांतून दिसलेलं आहे. आता समजा लेबल म्हणतं ०.०१६ इंच, पण आतला गाभा आहे ०.०१४. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. चौदा भागिले सोळा, त्याचा चौथा घात: साधारण ०.५९. म्हणजे लेबल तेच, पण ताठपणा जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. (सुपरइलास्टिक निकेल-टायटॅनियमला हा नियम तंतोतंत लागत नाही, पण दिशा तीच राहते.)

अशी तार कोन देऊन ओढली की विरोध कमी भरणारच. त्यात लेपाचं श्रेय किती आणि बारीक गाभ्याचं किती? ‘लेपित ०.०१६’ आणि ‘साधी ०.०१६’ शेजारी ठेवून केलेली तुलना याचं उत्तर देऊ शकत नाही. ती तुलना लेप आणि बिनलेप यांची नाहीच. ती दोन वेगळ्या तारांची आहे, ज्यांच्या पाकिटांवर योगायोगाने एकच आकडा छापलाय.

माझ्या पायलटमध्ये लेपित तार झकास जिंकत होती. आलेख इतका सुंदर होता की मी तो मोबाइलचा वॉलपेपर करायच्या बेतात होते. मग एका संध्याकाळी उरलेल्या तुकड्यांवरचा लेप ब्लेडने हलक्या हाताने सोलला, गाभा मायक्रोमीटरमध्ये धरला, आणि तो लेबलपेक्षा बारीक निघाला. तीन-चार वेळा मोजलं, यंत्राचा शून्य तपासला, शेजारच्या लॅबमधलं मायक्रोमीटर आणून मोजलं. बारीकच. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत, फक्त विचारलं, “तुलनेची तार मोजली होतीस का आधी?” नव्हती मोजली. पाकिटावर लिहिलेलं होतं ना!

त्या रीडिंग्जचं करायचं काय, हा प्रश्न पुढे काही दिवस छळत होता. आकडे खोटे नव्हते, काळजीपूर्वक घेतलेले होते. शीर्षकात ‘लेपाचा परिणाम’ ठेवून ते छापले असते तर बहुधा कुणी विचारलंही नसतं, कारण गाभ्याचं माप न देणारे पेपर भरपूर आहेत. पण मग पुढच्या कुणाच्या तरी तिसऱ्या वाक्याला पाचवा संदर्भ माझा लागला असता.

आता वेळेचा मुद्दा. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. घर्षणाच्या बहुतेक चाचण्यांत तार नवी असते. पाकिटातून काढली, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनला लावली, मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने ओढली. दात सरकतो महिन्याला साधारण एक मिलिमीटर. यंत्राचा वेग मिनिटाला पाच मिलिमीटर धरला तर तो दाताच्या वेगाच्या दोन लाख सोळा हजार पट होतो. आणि दात सलग सरकत नाही. तो कलतो, थांबतो, हाड जागा देतं, सावरतो, परत कलतो. मधे माणूस जेवतो, शेंगदाणे चावतो. या चावण्याच्या धक्क्यांनी घर्षण क्षणभर नाहीसं होतं, असं ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलं. २००३ मध्ये इवासाकी आणि सहकाऱ्यांनी थेट तोंडात मोजून बघितलं, तर च्युइंगम चघळूनही घर्षण नाहीसं झालं नाही. हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचा, निष्कर्षांसाठी नाही तर पद्धतीसाठी. एकच प्रश्न प्रयोगशाळेत आणि तोंडात विचारला की उत्तर कसं बदलतं, ते त्यांत दिसतं.

नवी तार ओढून मिळालेला आकडा हा पहिल्या दिवसाचा आकडा असतो, आणि तार तोंडात काही आठवडे राहते. मँचेस्टरच्या एलायान, सिलिकास आणि बेअर्न यांनी २००८ मध्ये रुग्णांच्या तोंडातून काढलेल्या लेपित तारा तपासल्या, तर ३३ दिवसांत सुमारे २५ टक्के लेप गेलेला होता. हा अभ्यास ‘सौंदर्य’ या खात्यात उद्धृत होतो. घर्षणवाले तो वाचतात, पण आपल्या कामाचा मानत नाहीत. माझं म्हणणं, तो आधी घर्षणाचा पेपर आहे. लेप आधी कुठून जातो? जिथे स्लॉटच्या कडा घासतात, दाबतात, तिथून. म्हणजे ज्या जागी लेपाने घर्षण कमी करायचं, बरोब्बर त्याच जागी तो आधी संपतो. महिन्याभराने ब्रॅकेट सरकतो तो पांढऱ्या तारेवर नाही. थोडा लेप, थोडा उघडा धातू आणि मधे पोपडा निघालेल्या भिंतीसारखी पायरी, अशा जमिनीवर तो सरकतो. त्या पायरीवर विरोध किती होतो ते नव्या तारेची चाचणी सांगू शकत नाही.

आणि पीटीएफईच्या बाबतीत हे अपघाताने घडत नाही. पीटीएफई निसरडं का असतं ते आठवा. त्याचे रेणू एकमेकांवरून सहज घसरतात, घासताना त्याचा अतिपातळ थर समोरच्या पृष्ठभागावर जातो, आणि मग पीटीएफईवर पीटीएफई घासत राहतं. घर्षण कमी होतं ते यामुळे, आणि नुसतं पीटीएफई लवकर झिजतं तेही यामुळेच. म्हणून बेअरिंगमध्ये वापरताना त्यात काचतंतू, कार्बन असं काही तरी मिसळतात. घरी नॉनस्टिक तव्यावर स्टीलचं उलथणं चालवलं की आई का ओरडते, त्याचं शास्त्र हेच. तोंडात ब्रॅकेटची कड हेच उलथणं, आणि तिथे ओरडायला कुणी नाही.

म्हणजे त्या वाक्यात ‘व’ ने जोडलेल्या दोन गोष्टी, कमी घर्षण आणि टिकणारा रंग, एकमेकींच्या मैत्रिणी नाहीत. ज्या गुणामुळे पहिली मिळते तोच गुण दुसरी काढून घेतो. इपॉक्सीचं गणित वेगळं आहे, तो पीटीएफईसारखा निसरडा नसतो. त्यामुळे ‘लेपित तारा’ असं एकत्र नाव घेऊन केलेलं कुठलंही विधान वाचताना थांबायला हवं: कुठला लेप? चारही बाजूंना की फक्त ओठांकडच्या? काही तारांवर फक्त पुढच्या बाजूला लेप असतो. अशी तार स्लॉटच्या तळाला आणि वरच्या-खालच्या भिंतींना नागड्या धातूनेच भेटते, आणि लेपाची गाठ पडते ती फक्त लिगेचरशी.

खडबडीतपणाचं चटकन सांगते. ‘लेपाने पृष्ठभाग गुळगुळीत झाला, म्हणून घर्षण कमी झालं’ असं चर्चेच्या भागात दिसलं की सावध व्हा. कुसी आणि व्हिटली यांनीच १९९० मध्ये दाखवलं होतं की निकेल-टायटॅनियम जास्त खडबडीत असूनही घर्षण जास्त भरलं ते बीटा-टायटॅनियमचं, कारण बीटा-टायटॅनियम समोरच्या धातूला चिकटतं.

वाक्याचा दुसरा भाग, ‘सौंदर्य राखतात.’ इथे आकडा असतो डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांमधलं अंतर. जॉन्स्टन आणि काओ यांच्या १९८९ च्या कामातला ३.७ हा उंबरठा अजून सर्रास वापरतात. २०१५ मध्ये परविना आणि सहकाऱ्यांनी स्वीकारार्हतेचा उंबरठा २.७ च्या आसपास दिला. कुठला घेतलात त्यावर एकाच तारेचा निकाल ‘पास’ किंवा ‘नापास’ होऊ शकतो, म्हणून उंबरठा प्रयोगाआधी ठरवा, नंतर नाही. पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे. हे उंबरठे दातावरच्या भरणाच्या किंवा कॅपच्या सलग पृष्ठभागासाठी आहेत. तार अर्ध्या मिलिमीटरची. एक तुकडा रंगमापकाच्या खिडकीत पुरत नाही, म्हणून बरेच जण अनेक तुकडे एकमेकांशेजारी चिकटवून मोजतात. मिळते ती सरासरी. समोर बसलेला माणूस सरासरी बघत नाही. पांढऱ्या तारेवर दोन मिलिमीटरचा काळपट टवका उडाला असेल तर नजर तिथेच जाते, अगदी पांढऱ्या शर्टावरच्या शाईच्या डागासारखी. सगळी तार करडी असती तर कदाचित इतकं लक्षही गेलं नसतं!

आणि डाग कशाचे? पेपरांत कॉफी, चहा, कोला, रेड वाइन. आपल्याकडचा रुग्ण वरण-भात खातो. हळद पारदर्शक रबरी लिगेचरना एका जेवणात पिवळं करते, हे कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टला विचारा. काही भारतीय अभ्यासांत हळद घेतात, चांगलंच आहे. पण पाण्यात ढवळलेली हळद आणि फोडणीतली हळद एक नाही. हळदीतलं करक्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि उजेडात फिकं पडतं. म्हणजे द्रावण कशात केलं, नमुने अंधारात ठेवले की खिडकीजवळ, हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं नसेल तर त्या डेल्टा ई ला फार अर्थ उरत नाही. हा विषय कुणाला हवा असेल तर खुशाल घ्या, मी घेणार नाहीये.

हे सगळं वाचून लेपित तारा टाकाऊ आहेत असा समज करून घेऊ नका. लग्नाच्या दोन महिने आधी पुढच्या दातांना तार लावून घेणाऱ्या मुलीला ती पहिले तीन आठवडे पांढरी दिसली, तरी तिच्या दृष्टीने त्या तारेने काम केलं. आणि सुरुवातीचे दात नुसते ओळीत आणताना ताठपणा कमी असणं हा गुणच ठरू शकतो. माझा आक्षेप तारेवर नाही, त्या ‘व’ वर आहे, आणि त्या वाक्यात न लिहिलेल्या ‘नवी असताना’ या दोन शब्दांवर आहे.

माझ्या प्रबंधाचं शीर्षक बदललं. आता त्यात ‘वापरलेल्या’ हा शब्द आहे आणि तुलनेची तार लेबलवरून नाही, गाभ्याच्या मापावरून निवडली आहे. काम जवळपास दुप्पट झालं. जुनी रीडिंग्ज परिशिष्टात जातील, ‘गाभ्याचे माप न जुळवता केलेली तुलना’ या नावाने. मॅडम म्हणाल्या, तेच परिशिष्ट लोक जास्त वाचतील. बघू.

ज्युनिअरला मी व्याकरण दुरुस्त करून दिलं आणि खाली लिहिलं, चारही पेपर उघड आणि प्रत्येकापुढे लिही: तार नवी की वापरलेली, गाभा मोजला का, तुलना कशाशी. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. चारपैकी दोन पेपर फक्त रंगाचे आहेत, घर्षणाचा त्यात शब्दही नाही. उरलेल्या दोन्हींत तारा नव्या, आणि गाभ्याचं माप एकातही नाही. मग एक रडका चेहरा आणि, “ताई, सबमिशन शुक्रवारी आहे.”

मायक्रोमीटर कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे असते, ते तिला कळवलंय.